ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम: ब्लूज कुठे संपतो आणि मेटल कुठे सुरू होतं

प्रश्न असा आहे: ‘मी मेटॅलिका आणि आयर्न मेडन ऐकत वाढलो. हेवी मेटल ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बमपासून सुरू झालं असं सगळे म्हणतात, म्हणून तो नीट बसून ऐकला. पहिलं गाणं सोडलं तर मला ब्लूजच ऐकू आला. माउथ ऑर्गन आहे, दहा मिनिटांचं जॅमिंग आहे. मग यात मेटल नेमकं कुठे आहे? आणि या लोकांनी हे सगळं आणलं कुठून?’

तुम्ही बरोबर ऐकलंत. तो ब्लूज वाजवणाऱ्या चार पोरांचाच अल्बम आहे. मी सव्वीस वर्षं पुण्यात इलेक्ट्रिक गिटार शिकवतोय आणि यातली सातही गाणी कधी ना कधी विद्यार्थ्यांकडून बसवून घेतली आहेत. वाजवायला घेतलं की लगेच कळतं, बोटांखाली येतात ते जवळजवळ सगळे सूर ब्लूजचे. माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, ब्लूजमध्ये ज्या गोष्टी जाता-येता घडायच्या त्यांवर हे लोक थांबले. मेटल त्या थांबण्यात आहे. आता हे जरा सावकाश उलगडतो.

टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बेसवर, ऑझी ऑस्बोर्न गायक आणि बिल वॉर्ड ड्रम्सवर. चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, कामगार वस्तीत वाढलेले. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं होतं, मोटारीचे हॉर्न जुळवायच्या खात्यातही केलं होतं. १९६८ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा नाव होतं पोल्का टल्क ब्लूज बँड. मग ते आटोपशीर करून ‘अर्थ’ केलं. अर्थ नावाचा आणखी एक बँड निघाला म्हणून १९६९ मध्ये पुन्हा बदललं. ते तालीम करायचे त्याच्या समोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफचा ‘ब्लॅक सबाथ’ नावाचा भयपट लागलेला होता. लोक पैसे मोजून घाबरायला जातात, मग लोकांना घाबरवणारं संगीत का करू नये, हा विचार त्या बोर्डावरून सुचला.

आता आयोमीच्या हाताकडे वळू, कारण माझ्या मते अल्बमचा अर्धा आवाज तिथून आला. आयोमी सतरा वर्षांचा होता. पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस होता, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. गिटारवाल्याच्या दृष्टीने सगळं संपलंच. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगो हा जिप्सी जॅझचा गिटारवादक. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावर तो उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायचा. ते ऐकून आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या घडवल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं आणि बोटांवर चढवून पुन्हा वाजवायला लागला.

याचा परिणाम वादनात प्रत्यक्ष दिसतो. चामड्याखाली तार जाणवत नाही, त्यामुळे किती दाबतोय याचा अंदाज राहत नाही. जाड तारा ओढवत नाहीत. त्या काळी हलक्या तारांचे तयार संच सहज मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावून पाहिल्या. हलकी तार सैल असते, ती हलवली की सूर रुंद थरथरतो. आयोमीचा तो जाड, डोलणारा व्हायब्रॅटो हाच. चार-पाच बोटांची भरगच्च कॉर्ड धरणं अवघड, म्हणून सा आणि प एवढ्या दोनच सुरांची पॉवर कॉर्ड, आणि ती मोठी वाटावी म्हणून आवाज जाड करण्याचे नाना उपाय. पॉवर कॉर्ड त्याने शोधली नाही, ती त्याच्या आधीही रॉकमध्ये होती. पण बाकीच्यांसाठी ती अनेक पर्यायांपैकी एक होती, याच्यासाठी ती घर झाली.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी गिटार खाली उतरवून घेऊन येतो. या अल्बममध्ये गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच आहे. दीड स्वर खाली उतरवलेली गिटार १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये आली. म्हणजे पहिल्या अल्बमचा भारदस्तपणा खर्जातून आलेला नाही, तो दुसरीकडून आला आहे.

तो कुठून आला, हे पहिल्या गाण्यात ऐकू येतं. पेटी असेल तर जवळ घ्या. पांढरी एक सा धरा. मध्य सा दाबा आणि मनात सावकाश चार मोजा. मग तार सा. मग खाली येऊन मध्य सप्तकातला तीव्र म, म्हणजे काळी तीन, आणि तिथेच थांबा. बस, एवढाच तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी धून. तीन जागा, त्यातल्या दोन एकाच सुराच्या. गिटारवर तो जी सुरावर आहे, शेवटच्या तीव्र मवर आयोमी ट्रिल (शेजारच्या सुराशी झपाट्याने आलटूनपालटून) घेतो आणि सूर नुसता थरथरत सोडून देतो.

तुम्ही म्हणाल, तीव्र म तर यमनमध्येही आहे, मग तिथे तो इतका गोड का? फार चांगला प्रश्न आहे आणि मराठी कानालाच तो पडू शकतो. यमनमध्ये तीव्र म एकटा येत नाही. एका हाताला शुद्ध ग असतो, दुसऱ्या हाताला प. तो वाटेवरचा सूर असतो, पुढे पंचमाला नाहीतर मागे गंधाराला नेऊन सोडतो. मारव्यात पंचम वर्ज्य असतो, हुरहूर वाढते, तरी ध, नी आणि कोमल रे यांचं एक जग भोवती उभं असतं. आयोमीच्या रिफमध्ये गंधार नाहीच, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. पॉवर कॉर्डमधला पंचम तळाशी घुमून गेलेला असतो, आणि त्याला खेटून, अर्ध्या सुरावर, हा तीव्र म उभा राहतो. दारापर्यंत नेतो, आत नेत नाही.

याचा धागा एका बाजूने पाश्चात्त्य अभिजात संगीताशी जातो. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘द प्लॅनेट्स’ नावाची वाद्यवृंद रचना आहे. त्यातल्या ‘मार्स’ या भागाने गीझर बटलर झपाटलेला होता, तालमीत तो बेसवर त्याची धून वाजवत बसायचा. ‘मार्स’ची सुरुवात ऐका. खाली पाच मात्रांचा जी सुराचा अखंड ठोका, आणि वर सा, प, तीव्र म असे तीन लांब सूर. त्यातला पंचम काढा, तिथे तार सा ठेवा, लय आणखी खाली आणा. सबाथचा रिफ तुमच्या हातात येतो.

दुसऱ्या बाजूने धागा ब्लूजशी जातो, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. तोच तीव्र म ब्लूज स्केलमध्ये आधीपासून बसलेला आहे. ब्लूज गिटारवाला म आणि प यांच्यामधून जाताना त्याला घासून जातो, तार थोडी ओढून त्याला डिवचतो आणि पुढे निघतो. तिथे कुणी मुक्काम करत नाही. आयोमी क्लबांमध्ये वर्षभर हेच ब्लूज वाजवत आला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्या सुराला फक्त स्पर्श करायचा त्या सुरावर त्याने न्यास केला. ब्लूज इथे संपतो.

या सुराला ‘संगीतातला सैतान’ म्हणत आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही गोष्ट तुम्ही नक्की वाचली असेल. जुने शास्त्रकार हे अंतर टाळायला सांगत हे खरं. मात्र बंदी, शिक्षा वगैरेला आधार नाही, आणि आयोमीलाही त्या वेळी हे शास्त्र ठाऊक नव्हतं. त्याला तो सूर कानाला हवा तसा लागला, एवढंच.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगतो. माझ्याकडे एक हुशार मुलगा येतो, हात अतिशय वेगवान. त्याला हा रिफ बसवायचा होता. त्याने प्रोसेसरवर गेन, म्हणजे आवाज फाटका आणि खरखरीत करणारं बटण, जवळजवळ शेवटपर्यंत चढवला, डोळे मिटले आणि वाजवलं. सूर तिन्ही बरोबर, आणि तरी सगळं सपाट. गेन इतका होता की सूर मरतच नव्हता, एकसारखा गुरगुरत राहायचा, आणि दोन सुरांमधली जागा त्या गुरगुरीने भरून जायची. मी गेन निम्म्याच्या खाली आणला, आवाज मात्र वाढवला. म्हटलं, आता पहिला सूर वाजव आणि तो विझायला लागला की मला सांग. तो थांबला. सूर आधी खडबडीत होता, मग साफ झाला, मग नुसती तार ऐकू यायला लागली. तेव्हा म्हटलं, आता दुसरा. तिसऱ्या सुरापर्यंत खोलीत बसलेल्या बाकीच्या मुलांनी मोबाइल खाली ठेवले होते.

अल्बमचा आवाज खरोखर असाच आहे. आयोमीची पहिली पसंती स्ट्रॅटोकास्टर होती. ‘विकेड वर्ल्ड’ त्यावरच रेकॉर्ड झालं, मग तिचा पिकअप बिघडला आणि जवळ ठेवलेली गिब्सन एसजी हातात आली. पुढे अर्धं शतक तीच त्याची ओळख राहिली. अँप लेनीचे, म्हणजे बर्मिंगहॅमचेच, आणि पुढे एक ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर धारदार करणारं छोटं यंत्र. त्यातून येतो तो आवाज आजच्या मेटलच्या मानाने बराच उघडा आहे. बोटाचा प्रत्येक हिसका ऐकू येतो.

आता बिल वॉर्डबद्दल, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण लोक सबाथ म्हटलं की गिटारवर बोलतात आणि ड्रमरला विसरतात. वॉर्डचे आदर्श जीन क्रूपा आणि बडी रिच, म्हणजे बिग बँडच्या काळातले जॅझ ड्रमर. ‘विकेड वर्ल्ड’ची सुरुवात ऐका. (इंग्लंडच्या मूळ रेकॉर्डवर हे गाणं नव्हतं, ‘ईव्हिल वुमन’ या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. अमेरिकेत मात्र ‘ईव्हिल वुमन’ काढून हे घातलं.) हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीवर) सरळ सरळ स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, आहे, जॅझ क्लबमध्ये शोभेल असा. ‘बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप’मध्ये ठेका झुलतो. ‘द विझार्ड’मध्ये तर तो ठेका धरूनच बसत नाही, गिटार आणि माउथ ऑर्गनने सोडलेली प्रत्येक फट तो भरून काढतो, जणू साथ करता करता सवाल-जवाब चालला आहे. आणि पहिल्या गाण्यात, त्या तीन सुरांच्या खाली, तो ठेका जवळजवळ देतच नाही. टॉमवर, म्हणजे ड्रमसंचातल्या खोल आवाजाच्या ढोलांवर, गडगडतो, थांबतो, पुन्हा गडगडतो. विलंबित लयीत जागा कशी सांभाळायची हे तबलजीला कळतं. तेच ज्ञान वॉर्डच्या हातात होतं, ते जॅझमधून आलं होतं.

वॉर्ड लहानपणी कारखान्यांतल्या प्रेसच्या ठोक्यांवर बोटांनी ताल धरायचा असं त्याने सांगितलेलं आहे. बर्मिंगहॅमच्या लोखंडातून मेटल जन्माला आलं, हे वाक्य आता इतकं घासलं गेलंय की मी ते वर्गात वापरत नाही. पण वॉर्डपुरतं ते मला पटतं.

बटलर आधी रिदम गिटार वाजवायचा, बेस त्याने या बँडसाठी हातात घेतला. क्रीम या इंग्रजी ब्लूज-रॉक बँडचा बेसवादक जॅक ब्रूस त्याचा आदर्श. त्यामुळे तो बेसवाल्यासारखा मूळ सूर धरून मागे उभा राहत नाही. आयोमीचा रिफच खालून वाजवतो, आयोमीने तार ओढली की हाही ओढतो. एकच ओळ दोन सप्तकांत, दोघांच्या ओढण्यात केसाएवढा फरक. एका बोटभर रिफची भिंत होते ती अशी. ‘एन.आय.बी.’च्या सुरुवातीला वाहवाह पेडलवर तो एकटाच वाजवतो, आणि मग जो रिफ येतो त्यात क्रीमच्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’चं रक्त आहे हे कुणीही ओळखेल. (गाण्याचं नाव गूढ वाटतं. वॉर्डची दाढी पेनाच्या निबसारखी दिसायची, त्यावरून ते आलं.)

ऑझीचं संगीतातलं दैवत बीटल्स. त्याने ब्लूज गायकासारखा घोगरा, अनुभवी आवाज काढायचा प्रयत्न केला नाही. उंच, सरळ, थोडा घाबरलेला आवाज. पहिल्या गाण्यात कडवं सुरू होताना गिटार एकदम मागे सरकते आणि तो जवळजवळ एकटा उरतो. तिथे कसलेला ब्लूज गायक असता तर ती भीती खोटी वाटली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शिवाय दोन गाणी उसनी आहेत. ‘ईव्हिल वुमन’ हे अमेरिकेतल्या क्रो या बँडचं, ते सिंगलसाठी घेतलं. ते तुम्ही वगळलं तरी काही बिघडत नाही. ‘वॉर्निंग’ मात्र वगळू नका. ते ऐन्सली डन्बार रिटॅलिएशन या इंग्रजी ब्लूज बँडचं १९६७ चं गाणं. मूळ गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, इथे ते दहा मिनिटांवर जातं. तुम्ही त्याला जॅमिंग म्हणालात, तसं ते आहेच. पण त्यात आयोमीच्या सगळ्या मुळांची यादी आहे: गिटारवादक हँक मार्विन आणि त्याच्या शॅडोज बँडचा स्वच्छ सूर, जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स बँडमधला गिटारवादक एरिक क्लॅप्टन, मध्येच जँगोची धावती ओळ, आणि त्या सगळ्यातून अचानक डोकं वर काढणारा एखादा जड रिफ. तो आला की सोलो थांबतो, बँड एकत्र येतो आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवतो. ब्लूजमध्ये रिफ हा गायकाच्या दोन ओळींमधला दुवा. इथे रिफवरच बैठक मांडली आहे.

रेकॉर्डिंगचं लवकर सांगतो. १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, चार ट्रॅकच्या मशीनवर, एका दिवसात. रात्री क्लबमध्ये जे वाजवायचे तेच वाजवलं. निर्माता रॉजर बेन, इंजिनिअर टॉम ॲलम. सुरुवातीचा पाऊस, गडगडाट आणि घंटा नंतर चढवले. वेळ कमी मिळाला हे आपलं भाग्य. जास्त दिवस मिळाले असते तर कुणीतरी तो स्विंग नीटनेटका केला असता.

१३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, व्हर्टिगो कंपनीने तो बाजारात आणला. रोलिंग स्टोनमध्ये लेस्टर बँग्ज या समीक्षकाने त्याला क्रीमची वाईट नक्कल ठरवलं. क्रीमचा वारसा त्याने बरोबर ओळखला, त्या वारशाचं यांनी काय केलं ते त्याला दिसलं नाही. लोकांना ते लगेच कळलं होतं. इंग्लंडच्या यादीत अल्बम आठव्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तेविसाव्या, आणि तिथे वर्षभराहून जास्त काळ यादीत टिकला.

हेवी मेटलची सुरुवात याच अल्बमने केली का, यावर वाद घालणारे ब्लू चीअर या बँडचं नाव घेतील, लेड झेपेलिन या बँडचा १९६९ चा पहिला अल्बम पुढे करतील. आवाजाचा जोर बघितला तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण झेपेलिनच्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्यावर वेगळा दिवा लागतो: लोकसंगीत, ब्लूज, एका गाण्यात तर तबला. एकच काळोख धरून बसण्याचा निर्णय सबाथने घेतला. पुढच्यांनी तोच उचलला.

कुणी काय उचललं, तेही वेगवेगळं आहे. जुडास प्रीस्ट त्याच परिसरातले. त्यांनी ब्लूज जवळजवळ पूर्ण गाळला आणि धार ठेवली. अमेरिकेतल्या सेंट व्हायटस आणि पेंटाग्रामने, स्वीडनच्या कँडलमासने, ती संथ लय घेतली. डूम मेटल नावाचा सगळा प्रवाह म्हणजे त्या एका सहा मिनिटांच्या गाण्यात राहायला गेलेली माणसं आहेत. स्लेयरने तीव्र म घेतला आणि लय कितीतरी पट वाढवली. १९९८ मध्ये त्या सुराचंच लॅटिन नाव त्यांनी अल्बमला दिलं. मेल्विन्स आणि साउंडगार्डन यांच्याकडून तो जडपणा सिॲटलच्या ग्रंजमध्ये गेला. तुमच्या मेटॅलिकाने २००६ मध्ये सबाथला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल करून घेणारं भाषण केलं. ५ जुलै २०२५ ला ॲस्टनच्याच व्हिला पार्कवर मूळ चौघे शेवटचं एकत्र वाजले, तेव्हाही मेटॅलिका त्या मंचावर होते. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला.

एक गोष्ट मात्र फारच थोड्यांनी उचलली, ती म्हणजे वॉर्डचा स्विंग. रिफ पुढे गेला, सूर पुढे गेला, झुलणारा ठेका मागे राहिला. तुम्हाला अल्बम ‘ब्लूजच’ वाटला याचं कारण मला हेच वाटतं. तुमचा कान सरळ, ठोकळ ठेक्यावर तयार झाला आहे, आणि इथे ड्रम्स झुलतात.

तेव्हा पुढच्या वेळी गिटार बाजूला ठेवून ऐका. आधी ‘विकेड वर्ल्ड’, फक्त हाय-हॅटवर लक्ष. मग ‘एन.आय.बी.’, फक्त बेस. मग होल्स्टचं ‘मार्स’, निदान पहिली दोन मिनिटं. त्यानंतर पहिलं गाणं हेडफोन न लावता, खोलीत, मोठ्या आवाजात. वाजवत असाल तर गेन अर्ध्याच्या खाली ठेवा, आणि तीव्र म लागला की तो विझेपर्यंत पुढच्या सुराला हात लावू नका.